अटलांटिसचं मस्टर कुठाय?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मागच्या रविवारी इथं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भांडणाचं कारण होतं एक बुडालेलं शहर. आपल्यातल्या एका पोराने मोबाइलवर काहीतरी बघितलं. समुद्राच्या तळाशी खांब, पायऱ्या, सोन्याची मंदिरं. आणि तो म्हणाला, आपलंही असंच एक राज्य होतं, ते बुडवलं गेलं, आपण मुळात राजे. दुसरा म्हणाला, पुरावा दाखव. तिसरा म्हणाला, पुरावा मागणारा भटांचा दलाल. मग आवाज चढले, चहा सांडला, चटईवर डाग पडला. तो अजून आहे, बघा.

मी त्या पोराला हसलो नाही, आजही हसणार नाही. त्याच्या वयाचा असताना मलाही एक बुडालेलं शहर हवं होतं. इतिहासाच्या पुस्तकात पानामागून पानं उलटावी आणि आपला बाप कुठंच सापडू नये, तेव्हा पोरगं त्याला दुसरीकडं शोधायला लागतं. समुद्राखाली शोधतं, आभाळात शोधतं. ही भूक खरी आहे. पण भुकेल्या माणसाला कोण काय खायला घालतंय हे बघायला नको का? म्हणून आज त्या बुडालेल्या शहराबद्दलच बोलायचं. असल्या सगळ्या शहरांचं जे आजोळ, तिथून सुरुवात करू. अटलांटिस.

पहिली गोष्ट पक्की करा. अटलांटिस नावाचं शहर कधी, कुठं नव्हतं. ते एका माणसाच्या डोक्यातून निघालं. माणूस ग्रीक, नाव प्लेटो, गाव अथेन्स. इ. स. पू. ३६० च्या सुमारास त्याने दोन संवाद लिहिले, ‘टिमायस’ आणि ‘क्रिटियस’. त्यांत ही गोष्ट आहे, आणि त्याच्या आधी कुणाच्याही लिखाणात ही गोष्ट नाही. गंमत अशी, की ज्या पात्राच्या तोंडी ती घातली आहे तो क्रिटियस पुन्हा पुन्हा बजावतो, ही खरी गोष्ट आहे हां. सोलोनने इजिप्तच्या पुरोहितांकडून ऐकली, सोलोनकडून आमच्या घरात आली. पुरोहिताने सांगितलं, घराण्यात चालत आलं, म्हणून खरं. हा पुराव्याचा प्रकार आपल्या चांगला ओळखीचा आहे.

आता गोष्ट ऐका. सोलोनच्याही ९००० वर्षं आधी, भूमध्य समुद्राच्या तोंडापलीकडे एक अवाढव्य बेट होतं. तिथल्या डोंगरावर क्लेइटो नावाची पोरगी राहत होती. समुद्राचा देव पोसिडॉन तिच्यावर भाळला. भाळला तो भाळला, तिच्या टेकडीभोवती त्याने पाण्याची तीन आणि जमिनीची दोन कडी घातली, म्हणजे दुसरा कुणी तिच्यापर्यंत पोहोचायला नको. शहराचा पाया बघा कसा पडला. बाईभोवती घातलेलं कुंपण! तिला जुळ्याच्या पाच जोड्या झाल्या. दहा पोरं, दहा राजे. थोरला ॲटलस, त्याच्यावरून बेटाचं नाव.

मग त्या दहा राजांच्या पोरानातवंडांनी काय काय केलं! पोसिडॉनचं देऊळ बाहेरून चांदीने मढवलं, कळस सोन्याचे, आतलं छत हस्तिदंती. ओरिचाल्क नावाचा एक धातू, सोन्याच्या खालोखाल किमतीचा, विस्तवासारखा लखलखणारा. गरम पाण्याचे झरे, गार पाण्याचे झरे, राजांचे हौद वेगळे, बायांचे वेगळे, घोड्यांचे वेगळे. घोड्यांसाठी वेगळा हौद! चवदार तळ्याच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण त्या काल्पनिक राज्यात जनावराला धुवायला हौद होता एवढं ध्यानात ठेवा.

शहरापासून समुद्रापर्यंत कालवा. रुंदी ३०० फूट, खोली १०० फूट, लांबी ५० स्टेडियन. एक स्टेडियन म्हणजे ढोबळ मानाने १८० मीटर. शहरामागे मैदान, आणि त्या मैदानाच्या चारी बाजूंनी एक चर खणलेला. चराची खोली १०० फूट, रुंदी एक स्टेडियन, लांबी १०,००० स्टेडियन. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जा, मग पुढे आणखी चारशे किलोमीटर जा, एवढा लांब खड्डा. अठराशे किलोमीटर.

इथं मी पुस्तक मिटलं आणि कागद-पेन्सिल घेतली. आपल्या आया-आज्यांच्या तोंडात जो हिशेब असतो तो मांडला. अठराशे किलोमीटर लांब, १८० मीटर रुंद, ३० मीटर खोल. नऊशे बहात्तर कोटी घनमीटर माती. ब्रासमध्ये काढा, मुकादम काढतो तसं, शंभर घनफुटांचा एक ब्रास. ३४० कोटी ब्रासच्या वर जातं. सुएझचा कालवा १८५९ ते १८६९ अशी दहा वर्षं खणला गेला, सुरुवातीची काही वर्षं तर इजिप्तच्या गरीब शेतकऱ्यांना वेठीला धरून. त्यात सुमारे साडेसात कोटी घनमीटर निघाली. म्हणजे अटलांटिसचा एक चर म्हणजे १३० सुएझ. समजा, एक माणूस दिवसाला एक घनमीटर खणतो. हा माझा अंदाज आहे, कुणाला पटला नाही तर पहार आणि घमेलं घ्या, बाहेर जागा आहे. एक लाख माणसं लावा, वर्षाचे तीनशे दिवस लावा. ३२४ वर्षं लागतात. एका चराला. वरचे कालवे, कडी, पूल, बोगदे, देवळं, सगळं सोडून.

आणि प्लेटो काय लिहितो? तो लिहितो की हे मैदान निसर्गाने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या राजांच्या कष्टांनी असं घडलं. राजांच्या कष्टांनी!

बरं, माणूस हिशेबाचा कच्चा आहे म्हणावं तर तसंही नाही. मैदानाचे ६०,००० तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर एक नायक, लढाईला रथ १०,०००, जहाजं १२००, प्रत्येकाने दोन धनुर्धारी द्यायचे, दोन गोफणवाले द्यायचे, तीन दगड मारणारे, तीन भाले फेकणारे, चार खलाशी. मारणाऱ्यांचा आकडा दगडापर्यंत दिलाय. खणणारे किती, त्यांना भाकर कोण देत होतं, दरड कोसळून मेले किती, एक ओळ नाही. चर इतका मोठा आहे की माणसाच्या हातचा वाटत नाही, असं त्याचं पात्र स्वतःच कबूल करतं. आणि कबूल करून पुढे जातं. तिथं थांबत नाही. मी थांबलो. मला फक्त एक प्रश्न पडला. अटलांटिसचं मस्टर कुठाय?

मस्टर म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना सांगायला पाहिजे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळी कामं निघाली. रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं त्या कामांवर होती. लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत, हातात हातोडा, समोर खडी, दुपारी सुकडी. आणि मुकादमाच्या हातात हजेरीचा कागद. तो मस्टर. त्या कागदावर आपल्या माणसांची नावं चुकीची लिहिली गेली, अंगठे दुसऱ्याचे लागले, मजुरी खाल्ली गेली, सगळं झालं. तरी कागद होता. भांडायला काहीतरी होतं. स्वप्नातल्या शहराला तेवढंही नसतं, म्हणून ते एवढं चकचकीत दिसतं.

आपल्याकडं बघा. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या बौद्ध लेण्यांना लोक काय म्हणतात? पांडवलेणी. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणे. आणि आत भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय कुणी काय दान दिलं ते. राजे आहेत, व्यापारी आहेत, आणि नाशिकला एका कोळ्याचं दान आहे, कार्ल्याला एका सुताराचं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार स्वतःचं नाव दगडात ठेवून गेला आणि गावाने ते पुसून त्यावर भीमाची पाटी लावली. अटलांटिस एका दिवस-रात्रीत बुडतं, पांडवांची लेणी एका रात्रीत उभी राहतात. एका रात्रीत! म्हणजे कुणाची पाळी भरली नाही, कुणाचं बोट छिन्नीखाली सापडलं नाही.

आता या गोष्टीत दुसरं एक शहर आहे, त्याकडं लोकांचं लक्ष जात नाही. अटलांटिसला लढाईत हरवणारं जुनं अथेन्स. प्लेटोचं लाडकं. तिथं कसं होतं? पुरोहितांची जात वेगळी. कारागीर वेगळे, एक धंदा दुसऱ्यात मिसळायचा नाही. मेंढपाळ वेगळे, शिकारी वेगळे, शेतकरी वेगळे. लढणारे सगळ्यांपासून अलग. टेकडीच्या माथ्यावर देवळाभोवती लढणारे राहायचे आणि त्यांच्या वस्तीभोवती एक कुंपण. कारागीर आणि शेतकरी कुंपणाबाहेर, टेकडीच्या उतरणीला. वाचताना मला पत्ता ओळखीचा वाटला. गाव सोडून कितीतरी कोस लांब, अडीच हजार वर्षं मागं गेलो आणि परत आलो कुठं? गावकुसाबाहेर.

हा माणूस अचानक असं बोलत नाही. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने आधीच सांगून ठेवलंय. लोकांना एक खोटी गोष्ट सांगायची. देवाने राज्यकर्त्यांत सोनं मिसळलं, त्यांच्या शिपायांत चांदी, शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि पितळ. आणि लोखंडी माणूस राखणदार झाला की शहर बुडणार, अशी देववाणी आहे असंही सांगायचं. हे खोटं आहे हे तो तोंडाने म्हणतो, एवढा प्रामाणिकपणा पुरुषसूक्तवाल्यांनी दाखवला नाही. शिवाय लोखंडी आईबापाच्या पोटी सोन्याचं पोर निघालं तर त्याला वर चढवा, असंही म्हणतो. मनूकडं ती सोय नाही. न्याय सगळ्यांना सारखा करायचा, म्हणून हे सांगितलं.

बाबासाहेबांनी ही नाडी १९३६ साली पकडली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण. मंडळ भ्यालं, अधिवेशनच रद्द केलं, आणि बाबासाहेबांनी ते न दिलेलं भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. त्यात चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना ते प्लेटोला समोर उभा करतात. माणसं तीन-चार खणांत कोंबता येत नाहीत, प्रत्येक माणूस वेगळा, प्लेटोची जी चूक तीच चातुर्वर्ण्याची चूक, असा त्यांचा मुद्दा. कॉलेजात प्लेटो शिकवणाऱ्या किती मास्तरांनी तुम्हाला हे सांगितलं? हात वर करा. बघा, एकही नाही.

आता बुडण्याकडं येऊ. कारण खरी मेख तिथं आहे.

अटलांटिस का बुडालं? प्लेटो सांगतो, जोवर राजांच्या अंगात देवाचा अंश होता तोवर ते शहाणे होते. पुढे मर्त्य माणसांची भेसळ होत गेली, पुन्हा पुन्हा होत गेली, देवाचा अंश पातळ झाला, मानवी स्वभाव वर आला. मग लोभ, मग सत्तेचा माज, मग दुसऱ्यांच्या देशांवर स्वाऱ्या. लोभाचं आणि माजाचं तो बोलतो ते काही खोटं नाही. पण त्या लोभाचं मूळ कुठं दाखवतो? मिसळण्यात.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळली, पण वाचायला एक प्रत ठेवावी लागते. तिथं लिहिलंय, ज्या राज्यात वर्ण बिघडवणारी संकराची प्रजा जन्मते ते राज्य रहिवाशांसकट लवकर नाश पावतं. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला धनुष्य टाकताना रडू कशाचं येतं? वर्णसंकराचं. आणि ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुष यांचं लेकरू म्हणजे चांडाळ, त्याने गावाबाहेर राहायचं, हेही त्याच दहाव्या अध्यायात. समजलं का? यांच्या राज्याला उभं करताना आपण नसतो. आपण खणलेला चर राजाच्या नावावर. पण राज्य बुडालं की पहिलं बोट आपल्याकडं. तुमच्या रक्ताची भेसळ झाली म्हणून बुडालो! आजही दोन पोरं वेगवेगळ्या जातींची लग्न करतात आणि त्यांना तोडणारे काय ओरडतात ते पेपरात वाचा. त्यांच्या डोक्यात एक अटलांटिस बुडत असतं.

आणि खरं अथेन्स कसं बुडालं? ते सांगतो. हे काल्पनिक नाही.

अथेन्सजवळ लॉरियनला चांदीच्या खाणी होत्या. त्या चांदीवर त्यांचं आरमार उभं राहिलं. खाणीत गुलाम. निकियास नावाचा त्यांचा एक मोठा सेनापती, त्याचे एक हजार गुलाम खाणीत होते, सोसियास नावाच्या ठेकेदाराला भाड्याने दिलेले. भाडं माणशी दिवसाला एक ओबोल. करारात अट होती की हजाराचा आकडा कमी होता कामा नये, कमी झाले की ठेकेदाराने भरती करायची. झेनोफोनने हे लिहून ठेवलंय. कमी कसे होणार? मरूनच. हे बघा, एक मस्टर सापडलं! नावं नाहीत, पण आकडा आहे.

मग इ. स. पू. ४१३. स्पार्टाच्या फौजेने अथेन्सच्या उंबऱ्यावर, डेकेलियाला तळ ठोकला. आणि अथेन्सचे वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले. त्यात हाताचे कसबी कारागीर पुष्कळ. थ्युसिडिडीस हा त्यांचाच इतिहासकार, तो हे नुकसान म्हणून नोंदवतो. जनावरं गेली आणि गुलाम गेले, एका यादीत. पुढे नऊ वर्षांनी, ४०४ साली, अथेन्स शरण गेलं. हरण्याची कारणं शंभर होती, सिसिलीत आरमार बुडालं, पर्शियाचा पैसा स्पार्टाकडं गेला, मी सगळं गुलामांच्या पळण्यावर ढकलत नाही. पण प्लेटो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता, खानदानी घरातला. घरोघर तोच विषय असणार. चूल कोण पेटवणार, खाणीत कोण उतरणार. आपल्या शहराखालून वीस हजार माणसं उठून चालायला लागली, हे या पोराच्या डोळ्यासमोर घडलं. आणि म्हातारपणी त्याने शहर बुडण्याची गोष्ट लिहिली, तेव्हा त्यात भूकंप आला, पूर आला, देवाचा राग आला, रक्ताची भेसळ आली. ती वीस हजार माणसं आली नाहीत.

मला हे वाचताना आपले आजे आठवले. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा. मग गावोगाव आपल्या माणसांनी मेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावाने बहिष्कार टाकला, दळण बंद, दुकान बंद, डोकी फुटली. पण ढोर पडून राहिलं. वास सुटला. गाव एका दिवसात बुडालं नाही, भूकंप झाला नाही, कुणी देव आला नाही. फक्त एक माणूस कामाला आला नाही आणि पाटलाला नाकाला धोतर लावावं लागलं.

आता अटलांटिसचं पुढं काय झालं ते झटपट सांगतो, चहा येतोय. दोन हजार वर्षं ते पुस्तकात निवांत होतं. १८८२ साली अमेरिकेत इग्नेशस डॉनेली नावाच्या माजी खासदाराने ग्रंथ लिहिला, की अटलांटिस खरं होतं आणि इजिप्त काय, मेक्सिको काय, सगळ्यांच्या संस्कृती तिथूनच आल्या. म्हणजे इजिप्तच्या माणसाने पिरॅमिड स्वतःच्या डोक्याने बांधला नाही, कुणीतरी शिकवला. थिऑसॉफिस्ट मंडळी १८७९ ला आपल्या मुंबईत येऊन उतरली, त्यांच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८८८ च्या ग्रंथात मानवाचे मूळ वंश सांगितले, चौथा अटलांटिसवाल्यांचा, पाचवा आर्यांचा. आपले भट खूश! टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडं नेऊन ठेवलं, ते बर्फाने नष्ट झालं. त्यांचं शहर बुडालं नाही, गोठलं. आणि १९३५ साली हिमलरने जर्मनीत ‘पूर्वजांचा वारसा’ अशा नावाची संस्था काढली, तिच्या संस्थापकांत हेर्मान विर्थ, जो अटलांटिसला उत्तरेच्या गोऱ्या वंशाचं घर मानायचा. बुडालेल्या शहरातून निघालेली ही वाट गॅस चेंबरच्या आसपास जाऊन पोहोचते. सरळ जात नाही, पण पोहोचते.

एकच गोष्ट जरा थांबून सांगतो. १९१० साली लिओ फ्रोबेनिअस नावाचा जर्मन आजच्या नायजेरियातल्या इफे गावी गेला. तिथं त्याने मातीची आणि ब्राँझची मुंडकी बघितली. इतकी देखणी की माणूस खुळावला. मग त्याने विचार केला, हे या काळ्या लोकांना कसं जमेल? आणि निकाल दिला, सापडलं, अटलांटिस सापडलं! समोर उभ्या असलेल्या योरुबा माणसांबद्दल त्याने लिहिलं ते असं, की एवढ्या सौंदर्याचे वारस म्हणून ही अधोगतीला गेलेली माणसं असावीत याचं त्याला दुःख झालं. १९३८ मध्ये त्याच इफेत घराचा पाया खणताना आणखी मुंडकी निघाली. बाराव्या ते पंधराव्या शतकांतली, योरुबांच्याच पूर्वजांनी ओतलेली. पाया खणणाऱ्यांच्या कुदळीला लागलं ते, पंडिताच्या नजरेला नाही.

झिंबाब्वेच्या दगडी भिंतींचंही तेच. १८७१ ला कार्ल माउख आला आणि म्हणाला, शेबाच्या राणीचा वाडा. १९०५ आणि १९२९ मध्ये संशोधकांनी खणून सांगितलं की आफ्रिकेच्या लोकांनीच बांधलं, तरी ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला ते पुस्तकांत नको होतं. १९८० ला देश सुटला आणि त्या दगडी घरांवरूनच नाव घेतलं.

तर आता त्या पोराकडं येतो. तू म्हणतोस, आपलंही बुडालेलं राज्य असू दे, त्यात वाईट काय? तुझ्या मोबाइलवर वाकांडा पण आहे, मला ठाऊक आहे. अमेरिकेत १९६६ च्या जुलैत कॉमिकमध्ये ‘ब्लॅक पँथर’ राजा आला, त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. आपले पँथर १९७२ ला मुंबईत उभे राहिले ते पार्टीचं नाव घेऊन, राजाचं नाही. २०१८ चा सिनेमा मीही बघितला. शिट्टी मारली. कारण पडद्यावर काळा माणूस कुणाचा नोकर नव्हता. त्यात खाणवाल्या जमातीची म्हातारी निदान राजाच्या बैठकीत बसते, प्लेटोपेक्षा बरं. पण राजा ठरतो तो राजाच्या पोटचा आणि कुस्तीने. आपल्याला असलं राज्य पाहिजे?

जोतीरावांनी बळीचं राज्य सांगितलं, खरं. १८७३ ला ‘गुलामगिरी’त दशावताराची गोष्ट उलटी करून वाचली. पुराणातला राक्षस आपला राजा, पुराणातला देव लुटारू. त्या उलटण्याने किती माणसं ताठ झाली! आजही दिवाळीत आपल्या आया ओवाळताना बळीचं राज्य मागतात. पण फुले बळीपाशी थांबले नाहीत. खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवणारा कंत्राटदार माणूस तो, दगड कोण उचलतं हे डोळ्यांनी बघितलेला. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या घरातलं कर्ज, शेतसारा, फाटकं कांबळं सगळं मोजलं, आणि बांध-तलाव कसे बांधावेत तेही सांगितलं. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अनटचेबल्स’मध्ये आपल्या मुळाबद्दल तर्क मांडला, तेव्हा प्रस्तावनेत साफ सांगितलं, जिथं दुवे तुटलेत तिथं मी अंदाज बांधलाय. त्यांनी क्रिटियससारखं ‘खरं आहे हां’ म्हटलं नाही. अंदाजाला अंदाज म्हणणाऱ्याशी भांडता येतं, पुढं जाता येतं. चटईवर चहा सांडायची गरज पडत नाही.

तू राजाचा पोरगा नाहीस म्हणून तुला लाज वाटते का रे? मला वाटायची. कुणी विचारलं बाप काय करतो, तर मी ‘सरकारी कामावर आहे’ म्हणायचो. मातीकामावर होता. आता वाटतं, त्या तलावाचं नाव तरी विचारून ठेवायला हवं होतं. तलाव अजून असेल, त्याला पाणीही असेल, आणि मला तो कुठं आहे ते सांगता येत नाही.

शेवटचं. ‘क्रिटियस’ हे पुस्तक अपुरं आहे. अटलांटिसवाले माजले, झ्यूसने ठरवलं की यांना शिक्षा द्यायची, सगळे देव गोळा केले, उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि पुस्तक तिथंच तुटतं. अर्ध्या वाक्यावर. देव काय बोलला ते कुणालाच माहीत नाही.

पुढच्या रविवारी भाषण नाही. प्रत्येकाने घरातल्या किंवा चाळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. कुठलं धरण, कुठला रस्ता, कुठली गिरणी, कुठलं गटार. कोणत्या साली, हजेरी किती, मुकादम कोण, कोण मेलं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहायचं, मनाने भरायचं नाही. वही मी आणतो. आणि मागच्या वेळच्या चहाचे पैसे बाकी आहेत, ते आत्ताच काढा.